‘नाटक करते’ म्हणणाऱ्यांसाठी

आज जरा भांडायचं आहे. झाडं, पुस्तकं, मुलुंडच्या बाजारातली भाजी हे नेहमीचे विषय पुढच्या वेळी. भांडण ब्लॉगवरच्या मित्रमंडळींशी थोडं आणि आपल्या घरच्या माणसांशी जास्त. लग्नाकार्यात भेटल्यावर जी भाचरं ‘मावशी, तुझा ब्लॉग वाचतो हं’ असं सांगतात, त्यांनी हा लेख तरी खरंच वाचावा.

निमित्त किरकोळ आहे. माहेरच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा जत्रेत एक बाई घुमतेय. केस मोकळे, पदर कुठेतरी, डोळे वर गेलेले. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने लिहिलं, ‘हिला ऑस्कर द्या.’ मग मोठ्या वहिनींचे जोडलेले हात आले, ‘देवीची चेष्टा करू नये.’ त्यावर इंजिनियर पुतण्याने विज्ञाननिष्ठा की काय त्यावर व्याख्यान दिलं आणि रात्री साडेअकरापर्यंत दोन्ही पक्ष लढत राहिले. देवी आहे की ढोंग आहे, एवढाच प्रश्न.

मी या दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहे. कारण त्या बाईच्या आत कोण शिरलंय यावर दोघांचंही मत होतं; त्या बाईचं पूर्वी काय झालं असेल, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आधी शहाण्यांकडे वळते, कारण मी स्वतःला त्यांच्यातच मोजते. ढोंग करणारे असतात, नाही कोण म्हणतं? गादी घालून बसणारे, अंगात आलं की नेमका नारळ आणि नोटा मागणारे. लोकलच्या डब्यात ‘२४ तासांत काम फत्ते’ अशी बंगाली बाबांची चिकटपत्रं आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं वाचली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य या लोकांशी लढण्यात घालवलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि इतकी वर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकूम होऊन आला. डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा या महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. त्याबद्दल मी त्या माणसाची कायमची ऋणी आहे.

पण हा कायदा बाबाला धरण्यासाठी आहे. ज्या चौदा वर्षांच्या पोरीला घरातल्या कोपऱ्यात घाम फुटतो, दातखीळ बसते, आवाज बदलतो आणि नंतर काही आठवत नाही, तिला नारळ मिळत नाही की नोटा. तिला मिळतात थपडा. बाबाला लावायचा ‘ढोंग’ हा शब्द आपण तिलाही लावतो तेव्हा आपण अंधश्रद्धा घालवत नसतो, फक्त एका मुलीचं तोंड बंद करत असतो. भगत निदान ‘काहीतरी झालंय’ हे तरी कबूल करतो. आपण शहाणे म्हणतो, काही झालेलंच नाही!

मी डॉक्टर नाही. बी.ए. मराठी, आयुष्यभर घाटकोपरला शाळेत शिकवलं. पण वाचता येतं आणि निवृत्तीनंतर वेळही असतो.

इंग्रजीत याला डिसोसिएशन म्हणतात. मराठीतले पुस्तकी शब्द माझ्या जिभेवर बसत नाहीत, मी ‘भान सुटणं’ म्हणते. थोडंसं सगळ्यांचंच सुटतं. गाडीत पुस्तक वाचता वाचता घाटकोपर कधी गेलं ते कळत नाही आणि विद्याविहारला उतरून परत यावं लागतं. देह डब्यात, मन भलतीकडे. आता हेच एखाद्या लहान मुलाच्या बाबतीत बघा. जिवावर बेतलेलं आहे, पळता येत नाही, मारणाऱ्याला उलट मारता येत नाही, ओरडलं तर ज्यांनी वाचवायचं त्यांच्यापैकीच तो एक. अशा वेळी देह तिथेच ठेवून मन निघून जातं. आढ्याकडे बघत राहतं, भिंतीवरचे पोपडे मोजतं. त्या क्षणी हा इलाजच असतो, दुसरा कुठला उपलब्ध नसतो. पण असं पुनःपुन्हा झालं की निघून जायची सवय लागते. आठवण मुख्य मनाशी जोडली जात नाही, वेगळ्या खोलीत कुलूपबंद राहते, आणि पुढे कधीतरी एखादा वास, एखादा आवाज, जिन्यावरची पावलं एवढ्यानेसुद्धा ते दार उघडतं. पियेर जाने नावाच्या फ्रेंच माणसाने १८८९ सालीच मनाच्या अशा तुटून वेगळ्या चालणाऱ्या भागांवर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही.

खरी मौज पुढे आहे. अमेरिकेत अशी बाई डॉक्टरकडे गेली की तिच्यात ‘दुसरी व्यक्ती’ सापडते. वेगळं नाव, वेगळं वय, वेगळं अक्षर. तिकडे त्यावर सिनेमे निघाले. आपल्याकडे तशी फारशी सापडत नाहीत म्हणून आपण खूश, की आमची कुटुंबव्यवस्था भक्कम! चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉ. वर्मा, डॉ. बौरी आणि डॉ. विग यांनी १९८१ सालीच दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या होत्या : तिकडचं बहुव्यक्तित्व आणि इकडचं झपाटणं. साधी गोष्ट आहे. मन तुटलं की तुटलेल्या तुकड्याला नाव द्यायला ते घरातलीच गोष्ट उचलतं. त्यांच्या गोष्टीत दुसरी व्यक्ती असते. आमच्या गोष्टींत देवी, हडळ, मुंजा, समंध आणि बाळंतपणात गेलेली मोठी जाऊ.

आणि हे काही भारतापुरतं नाही. युगांडाच्या नैर्ऋत्य भागात झपाटलं म्हणून वैदूंकडे येणाऱ्या लोकांचा अभ्यास झाला. त्यांच्या आयुष्यातले आघात इतरांपेक्षा जास्त निघाले. तुर्कस्तानात डॉ. वेदात शार यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं, आणि भान सुटण्याच्या आजाराच्या मागे बालपणीचा छळ आणि हेळसांड पुनःपुन्हा समोर आली. मोझांबिकमध्ये यादवी युद्ध १९९२ मध्ये थांबलं. त्यानंतर गोरोंगोसा भागात मेलेल्या सैनिकांचे आत्मे, त्यांना ‘गांबा’ म्हणतात, माणसांच्या अंगात येऊ लागले. जास्त करून बायकांच्या. युद्धात त्या बायकांचं काय झालं असेल हे मी लिहायला नको. देश वेगळा, देव वेगळा, भूत वेगळं. दुखणं ओळखीचं.

आता घरच्या गोष्टीवर येते. इथे काही जणांना राग येईल.

आपल्या घरात प्रत्येक लग्नात एक नक्कल होते. रात्री पत्ते झाले, गप्पा संपत आल्या की कुणीतरी डोक्यावरून टॉवेल घेतो, मान गरागरा फिरवतो आणि बनूआत्याचा आवाज काढतो, ‘मी आल्येय... मला तांबडं लुगडं हवं!’ सगळे लोळून हसतात. ज्यांनी तिला कधी बघितलंही नाही ती पोरंसुद्धा. बनूआत्या आपल्या घरातलं विनोदी पात्र आहे. ‘काय नाटकी होती हो!’

बनूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तिचं लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि नवरा सव्वीसचा. सारडा कायदा १९३० पासून लागू होता, मुलीचं वय चौदा हवं असं सांगत होता, पण राजापूरच्या पुढे कायदे होडीने यायचे! नहाण यायच्या आत तिला सासरी पाठवली. ती रात्री उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसायची, उजाडेपर्यंत. पहिल्यांदा माहेरी आली आणि परत पाठवायचा दिवस ठरला, त्या दिवशी तिच्या अंगात आलं. पुढे दर खेपेला तेच. सासरचा माणूस न्यायला आला की देवी हजर, तो उतार उतरून गेला की देवी शांत. गावात दोनच तर्क होते, एक देवीचा आणि एक नाटकाचा. आपल्या ग्रुपवर आहेत तेच.

मला हे आईने १९८९ मध्ये सांगितलं, माझी मुलगी बारा वर्षांची झाली त्या महिन्यात. आईला आत्याने सांगितलं होतं, अर्धंमुर्धं. आत्याला सगळं आठवतच नव्हतं. ‘तेवढ्या वेळाचं माझ्याजवळ काही नाही गो,’ असं म्हणायची म्हणे.

आणि देवी काय बोलायची ते ऐका, कारण नकलेत ते कुणी घेत नाही. तांबडं लुगडं ती एकदा बोलली असेल. दर वेळी बोलायची ते हे : ‘पोर माझी आहे, उंबऱ्याबाहेर काढाल तर घराला आग लागेल.’ आमचे आजोबा कसे होते हे जुन्यांना ठाऊक आहे. बायकोचं ऐकलं नाही, आईचं ऐकलं नाही. पोरीने पाय धरले असते तरी तिला होडीत बसवली असती. पण देवीपुढे नमले. बनूआत्या माहेरी राहिली ती राहिलीच. दोन-तीन वर्षांत देवी यायची थांबली. पुढे तिनेच आपल्या सगळ्यांची आंघोळपांघोळ केली, ताप काढले, घावन घातले. मला ती आठवते भांडी घासताना. मध्येच हात थांबायचा. पन्हळीचं पाणी वाहतंय, ती बघतेय, पण कुठे ते कळत नाही. तीन हाका मारल्या तरी ऐकू जायचं नाही. आम्ही पोरं त्यालाही हसायचो. मोठी माणसं हसायची म्हणून.

तिला नेमकं काय झालं होतं ते मी ठरवणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला जे स्वतःच्या तोंडाने सांगायची सोय नव्हती, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाहेर आलं, एवढं तरी दिसतं की नाही? तिने ते ठरवून केलं असतं तरी मी तिला नाटकी म्हटलं नसतं. तिने ठरवून केलेलं नव्हतं. असो. ती नक्कल आता बंद करा.

ही गोष्ट मी आमच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणींना सांगितली तेव्हा एक म्हणाली, ‘म्हणजे काय, अंगात येणाऱ्या सगळ्यांना लहानपणी कुणी छळलेलं असतं?’ नाही हो. सिंधुदुर्गात दसऱ्याला तरंग निघतात, अवसर येतो, तो गावाचा, मानाचा, ठरल्या दिवशी येऊन ठरल्या वेळी जाणारा. नवरात्रात कोळीवाड्यात एखाद्या आजीच्या अंगात येतं, ती चार जणींना कुंकू लावते, चहा पिते आणि कामाला लागते. त्यात आजार शोधायला जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, झपाटण्याच्या अवस्थेचा आजार वेगळा नोंदलेला आहे, आणि तिथेही हीच पाचर मारून ठेवली आहे : जे आपल्या इच्छेविरुद्ध येतं, समाजाच्या किंवा धर्माच्या मान्य रीतीत बसत नाही आणि ज्याने माणसाचं जगणं विस्कटतं तेवढंच आजारात मोजायचं. शिवाय फेफऱ्यासारखे मेंदूचे आजार असू शकतात, ते आधी तपासायला हवेत. इतका साधा विवेक आपल्या चर्चेत का नसतो?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही. अशा आठवणी डोक्यात भरवताही येतात. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं. मुलांना इतकं खोदून खोदून, उत्तरं सुचवून विचारलं की अद्भुत कहाण्या तयार झाल्या. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. भान सुटणं आघातातून येतं की सूचनेतून, यावर तिकडचे विद्वान अजून भांडतात. म्हणूनच मी म्हणते, पोरीला समोर बसवून ‘अमक्या काकाने काही केलं का?’ असं विचारायचं नाही. आपल्या मनातलं नाव तिच्या तोंडात घालायचं नाही. वर्गात निबंध शिकवताना जे सांगायचे तेच : वाक्य तिचं हवं, आपलं नको. पण खोदून विचारू नये याचा अर्थ ऐकूच नये असा कसा होतो? आपण त्या मॅकमार्टिनची सबब पुढे करतो आणि शंभर वर्षं न विचारण्याची परंपरा पुढे चालवतो.

कारण न विचारणं सगळ्यांच्या सोयीचं आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. महाराष्ट्र त्यात होता. लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं. तुम्ही म्हणाल, व्याख्या सैल होती. बरं, निम्मे करा. निम्म्याचे निम्मे करा. चाळीसच्या वर्गात पाच मुलं उरतात. माझ्या वर्गात साठ असायची.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले तेव्हा लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद. तो संताप खरा होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पोक्सोच्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दर वर्षी एकच सांगते : दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, शिकवणीवाला, घरातला. परक्यासाठी आपण रेल्वे थांबवतो. घरातला असला की जेवणाची पंगतसुद्धा थांबत नाही, त्याला आग्रहाने वाढतो! मग ती पोर दिवाळीला मामाकडे जायचं म्हटलं की ‘विचित्र वागते’, ताठ होऊन पडते, आणि आपण लिंबू उतरवतो किंवा दोन थोबाडीत देतो.

स्टाफरूममध्येही मी हेच बघत आले. ‘ती खिडकीबाहेर बघत बसते, ढ आहे.’ ‘तो हाक मारली की दचकतो, नाटकी आहे.’ डस्टर उचललं की दोन्ही हात डोक्यावर घेणारा मुलगा विनोदी वाटायचा लोकांना. शारीरिक शिक्षा शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने बंद झाली, कागदावर तरी. पण ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ हा प्रश्न अजून रागावूनच विचारला जातो. प्रश्न फार चांगला आहे हो. उत्तर हवं म्हणून कुणी विचारत नाही एवढंच. दंगा करणाऱ्या मुलांची काळजी करायला अर्धी शाळा असते. जी मुलं एका जागी गप्प बसून निघून गेलेली असतात, त्यांच्याबद्दल प्रगतिपुस्तकात ‘शांत व सुस्वभावी’ असा शेरा पडतो.

देवळाचं काय, असंही विचारतील. गाणगापूरला, मीरा दातारला माणसं जातात, काहींना बरं वाटतं. मी हसणार नाही. जिथे घरातली सून चार माणसांसमोर मोठ्याने किंचाळू शकते आणि कुणी तिला ‘गप्प बस’ म्हणत नाही अशी जागा तिला दुसरी कुठे मिळते? सुधीर कक्करांनी राजस्थानातल्या बालाजीच्या देवळात बसून हे सगळं बघितलं आणि १९८२ च्या पुस्तकात आदराने लिहिलं. खुशाल जा. पण साखळी नको, धुरी नको, मार नको. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जागच्या जागी जळून मेली. आणि देवळातून आल्यावर डॉक्टरकडेही जा. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ वर फोन लावायचा, फुकट आहे. मूल संकटात असेल तर १०९८. हा क्रमांक १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाला. आणि मुलावर अत्याचार होतोय हे कळल्यावर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी हे कलम एकदा मोठ्याने वाचावं.

त्या व्हिडिओखाली हसणाऱ्यांची नावं मी लिहून ठेवलेली नाहीत, घाबरू नका. ज्यांना राग आला असेल त्यांनी प्रतिक्रियेत न लिहिता सरळ फोन करावा. सात ते आठ मी फिरायला जाते, त्यानंतर घरीच असते. आणि बनूआत्याचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर पाठवा. माझ्याकडे एकही नाही.